थेंबांचं तेज

नारळ कुठे फोडायचा, यावरून कार्यक्रम सुरू होण्याआधीच अडला.

"यंत्राच्या म्होरंच फोडावा लागंल," नागनाथअप्पा म्हणाले. "पूजा यंत्राची हाय मॅडम, भिंतीची न्हाई."

आठल्ये मॅडम यंत्राच्या आणि अप्पांच्या मध्ये हात पसरून उभ्या होत्या. एरवी अगदी शांत बाई, पण त्या सकाळी पदर खोचून भांडायच्या तयारीत होत्या. यंत्राचा खरा जीव म्हणजे काडेपेटीहून लहान अशी एक पारदर्शक पट्टी होती आणि तिच्यात केसाएवढ्या नळ्या कोरलेल्या होत्या. हळदीचा एक कण आत गेला असता तरी सगळं काम तुंबून बसलं असतं, हे त्या परोपरीनं सांगत होत्या. अप्पांना ते पटत नव्हतं. त्यांनी आजवर ट्रॅक्टरपासून एक्स-रे मशीनपर्यंत कितीतरी यंत्रांपुढे नारळ फोडले होते आणि एकही तुंबलं नव्हतं. शेवटी प्राचार्य डोणगावकरांनी तोड काढली. नारळ स्टेजच्या पायरीवर फोडायचा, हळदकुंकू यंत्राच्या रिकाम्या खोक्याला लावायचं आणि हार मॅडमच्या गळ्यात घालायचा. तेवढ्यावर दोन्ही बाजूंनी माघार घेतली.

मी यंत्रामागे स्टुलावर बसून हे बघत होते. मी शिवकांता बिरादार, मॅडमच्या हाताखाली संशोधन करणारी पहिली आणि तोवरची शेवटची विद्यार्थिनी. मागास तालुक्यांना संशोधन केंद्रं द्यायची एक योजना दिल्लीत निघाली, तिच्यात आमच्या कासारनेरचं नाव लागलं आणि मॅडम पुण्याहून इथं आल्या. अप्पा गावचे नगराध्यक्ष होते आणि आमचं कॉलेज ज्या संस्थेचं, तिचेही अध्यक्ष तेच होते. त्यामुळे गावात कुणाची कुणाविरुद्ध तक्रार असली, तरी ती अप्पांकडूनच अप्पांकडे जायची.

यंत्राचं काम तसं सांगायला सोपं होतं. पट्टीतल्या बारीक नळीतून तेल वाहायचं आणि बाजूच्या नळीतून पाणी येऊन त्या तेलात मिसळू न शकल्यामुळे तुटायचं. तुटलं की त्याचे एकसारखे थेंब व्हायचे, डोळ्यांना न दिसणारे, चमचाभर पाण्याचे लाखो. प्रत्येक थेंब म्हणजे एक वेगळी परीक्षानळी. पाण्यात आधीच आम्ही एक खाद्य मिसळायचो. माणसाच्या आतड्यातला जंतू एखाद्या थेंबात अडकला, की तो रातोरात ते खाऊन दुप्पट-चौपट व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी दिव्याखाली तो थेंब निळसर चमकायचा. ज्या थेंबात जंतू नाही, तो काळाच राहायचा. मग थेंब एकेक करून कॅमेऱ्यापुढून जायचे, चमकणारा डाव्या वाटेला, काळा उजव्या वाटेला, आणि शेवटी यंत्र सांगायचं की पाणी पिण्याजोगं आहे की नाही. एवढ्याशा पट्टीत लाखो होय-नाही व्हायचे आणि कुणाचा वशिला चालायचा नाही. मॅडमना या गोष्टीचा फार अभिमान होता.

अप्पांना अभिमान होता तो बारवेचा. गावाच्या वेशीजवळची जुनी दगडी बारव त्यांनी गाळ काढून, पायऱ्या धुऊन, दिव्यांच्या माळा सोडून नवी कोरी केली होती. तिचं पाणी औषधी आहे असं गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते, आणि ते पीत मात्र कुणी नव्हतं. आता अप्पांनी बारवेपासून मुलींच्या वसतिगृहाच्या टाकीपर्यंत पाइप टाकला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या लाइनचं उद्घाटन होतं. आदल्या दिवशी यंत्राचं उद्घाटन ठेवायचं, त्यावर बारवेचंच पाणी तपासायचं आणि विज्ञानाची मोहोर उमटवून मुलींना पाजायचं, असा अप्पांचा बेत होता. बेत वाईट नव्हता. फक्त बारवेच्या वरच्या अंगाला पालिकेनं नवं सार्वजनिक शौचालय बांधलं होतं, त्याचंही उद्घाटन अप्पांनीच केलं होतं, आणि दोन उद्घाटनांचा एकमेकांशी काही संबंध असू शकतो हे कुणाच्या मनात आलं नव्हतं.

त्या वसतिगृहात मीच राहत होते. नळाला पाणी कधी यायचं याचा नेम नसायचा, तेव्हा बारवेची लाइन येणार म्हणून आम्ही सगळ्या खूश होतो. माझ्या खोलीतली महानंदा तर त्या पाइपवरून हात फिरवून आली होती. गेल्या वर्षी काविळीनं ती परीक्षेला मुकली होती, घरचे लग्न लावून द्यायला निघाले होते, आणि तिनं रडूनभेकून हे एक वर्ष पदरात पाडून घेतलं होतं. ती मला म्हणाली होती, "तुझ्या मशीननं पास केलं की मी पहिला ग्लास पिणार."

सभागृह गच्च भरलं. पहिल्या रांगा नगरसेवकांनी, मधल्या शिक्षकांनी आणि मागच्या वसतिगृहाच्या मुलींनी भरल्या होत्या. सूत्रसंचालन मराठीचे कोळगिरे सर करत होते. सरांना माइक मिळाला की तो सुटत नसे, आणि दर दोन वाक्यांमागे एक चारोळी पडत असे. स्टेजवर मोठा पडदा लावला होता, त्यावर थेंब दिसणार होते. नमुने आम्ही आदल्या दिवशी थेंबांत भरून उबदार पेटीत ठेवले होते. निकाल आम्हालाही पडद्यावरच कळणार होता.

आधी मी उकळून गार केलेल्या पाण्याचे थेंब सोडले. दिवा लावला. पडदा काळा. थेंबांच्या कडा तेवढ्या अंधूक सरकताना दिसत होत्या.

सभेत चुळबुळ झाली. पहिल्या रांगेतल्या कुणीतरी लाइट गेली का म्हणून विचारलं. मॅडम माइकवर म्हणाल्या की असं काळं दिसणं हेच अपेक्षित आहे. त्यावर कोळगिरे सरांनी माइक परत घेऊन, "आरंभी अंधारच असतो," असं सांगितलं आणि अंधारावरची चारोळी म्हटली.

मग बारवेचं पाणी लावलं.

पहिला थेंब चमकला, मग दुसरा, आणि मग त्यांची रांगच लागली. काळ्या पडद्यावर निळे ठिपके एकामागून एक येत होते, फाट्यावर थबकून डावीकडे वळत होते, आणि डावी वाट उजळून निघाली होती. दिसायला ते खरोखर सुंदर होतं. मी मात्र वळून मॅडमकडे पाहिलं, कारण इतके चमकणारे थेंब मी आजवर एकाच पाण्यात पाहिले होते.

सभागृहात जो टाळ्यांचा कडकडाट झाला तो थांबेना. अप्पा खुर्चीतून उठले. त्यांनी पडद्याकडे बघून हात जोडले. ते बघून पहिल्या रांगेनं जोडले, आणि पहिल्या रांगेनं जोडल्यावर मागं कुणी न जोडण्याचा प्रश्नच नव्हता.

"तेज," अप्पा म्हणाले. "आमचे आजे सांगायचे, बारवेच्या पान्यात तेज हाय. आज डोळ्यानं बगितलं."

मॅडम माइककडे धावल्या. पण मॅडमची एक अडचण होती. बाजारात भाजी घेताना त्या छान साधं बोलायच्या, आणि माइक हातात आला की त्यांच्या तोंडून प्रबंध बाहेर पडायचा. त्या म्हणाल्या, "प्रकाशमान थेंबांची संख्या ही नमुन्यातील जैविक भाराशी समप्रमाणात असते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे."

"ऐकलंत?" कोळगिरे सरांनी माइक काढून घेतला. "जितका प्रकाश, तितकं सत्त्व! मॅडमनी शास्त्राच्या भाषेत सांगितलं, मी आपल्या भाषेत सांगितलं." पुन्हा टाळ्या. मॅडम काहीतरी बोलत होत्या, पण माइक गेल्यावर त्यांचा आवाज पहिल्या रांगेपर्यंतही पोचत नव्हता. प्राचार्य त्यांच्या कानाशी लागले. मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं. पाहुणे खूश आहेत, केंद्राचा पुढच्या वर्षीचा प्रस्ताव अप्पांच्या सहीसाठी पडलाय, जे काय असेल ते उद्या निवांत सांगू, असं ते म्हणत होते. उद्या सकाळी तर लाइन सुरू होणार होती. मॅडमनी ते म्हटलंही. प्राचार्यांनी हार नीट करायच्या निमित्तानं त्यांना खुर्चीत बसवलं.

अप्पांचं भाषण रंगात आलं होतं. पालिकेच्या नळाचं पाणीही या मशीनवर घाला, ते काळंच निघेल, अशी त्यांनी पैज लावली. त्यात काहीच दम नसतो, म्हणूनच ते काळं. उद्यापासून आमच्या लेकी तेजाचं पाणी पितील, आणि पुढच्या वर्षी हे पाणी बाटलीत भरून साऱ्या जिल्ह्यात जाईल. एवढ्यात तबकातून तांब्याचे पेले आले, काठोकाठ बारवेच्या पाण्याचे. पहिला स्टेजवरच्यांनी घ्यायचा आणि मग खाली वाटायचा, असं ठरलं होतं. मागं मुली उभ्या राहून पुढं सरकत होत्या. त्यांत महानंदा सगळ्यांच्या पुढं होती.

मला राग आला, खरं सांगायचं तर अप्पांपेक्षा पडद्याचा. तो जे दाखवत होता ते खरं होतं, आणि इतकं देखणं होतं की त्याच्यापुढं कुणाचं काही चालत नव्हतं. बोलून उपयोग नव्हता. बोलणाराचं काय होतं ते मॅडमच्या गळ्यातल्या हाराकडे बघून कळत होतं.

प्रयोगशाळेत एक पद्धत असते. कुठलंही पाणी तपासताना त्याच्या एका बाजूला नक्की स्वच्छ असलेलं पाणी ठेवायचं आणि दुसऱ्या बाजूला नक्की घाण असलेलं, म्हणजे यंत्र खोटं बोलतंय का ते कळतं. स्वच्छ पाणी दाखवून झालं होतं. घाणीचं भरलेलं इंजेक्शन उबदार पेटीत तसंच पडून होतं, कारण उद्घाटन समारंभात ते दाखवणं बरं दिसणार नाही असं प्राचार्यांनी बजावलं होतं. मी बारवेची नळी काढली आणि ते इंजेक्शन जोडलं.

पडदा पेटल्यासारखा झाला. एकही थेंब काळा नव्हता. डावी वाट भरून ओसंडली आणि थेंब उजवीकडच्या तोंडाशी तुंबले. अप्पांच्या हातातला पेला ओठापर्यंत गेला होता, तो तिथंच राहिला. असं तेज त्यांनी स्वप्नातही पाहिलं नव्हतं.

"हे आनि कुठलं पानी, पोरी?" त्यांनी विचारलं. "हे तर आपल्या बारवेच्याबी वरताण हाय."

कोळगिरे सरांनी माइक स्वतःहून माझ्यापुढं धरला. माइक त्यांनी दुसऱ्याला दिल्याची कॉलेजच्या इतिहासातली ती एकच वेळ असावी. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी मान हलवली नाही आणि नको असंही म्हटलं नाही.

"सभागृहामागच्या गटारीचं हाय, अप्पा," मी म्हणाले. "ह्यात जे चमकायलंय, तेच बारवेच्या पान्यात चमकायलंय. ते संडासातून येतंय."

मागं मुली जिथं होत्या तिथंच थांबल्या. स्टेजवरच्या एका नगरसेवकानं पेला तोंडाला लावलेला होता, त्यानं गालातलं पाणी गिळावं की थुंकावं हे न कळून तसंच धरून ठेवलं. बिचाऱ्याला कुणीतरी मागच्या दाराकडं नेलं.

अप्पा खरे राजकारणी होते. त्यांना सावरायला फार वेळ लागला नाही. त्यांनी पेला तबकात ठेवला, माइक घेतला आणि माझ्याकडे न बघता सभेला म्हणाले, "ज्या मशीनला आपली बारव आनि गटार ह्यातला फरक कळत न्हाई, ते मशीन सदोष हाय. विज्ञानाबद्दल आम्हाला आदर हाय, पन असलं मशीन कासारनेरला नको."

टाळ्या झाल्या. या टाळ्या आधीपेक्षा मोठ्या होत्या, कारण त्यांत सुटकेचाही भाग होता. प्राचार्यांनी तिथल्या तिथं यंत्राची चौकशी समिती जाहीर केली. कोळगिरे सरांनी बारवेवर चारोळी म्हटली. एकामागून एक तिघांनी भाषणात बारवेच्या पाण्याची थोरवी गायली, आणि ती गाताना तिघांचेही घसे कोरडे पडले होते. पेले मात्र तबकात तसेच भरलेले राहिले. कुणी त्यांना बोटसुद्धा लावलं नाही, आणि असं आपण करतोय हेही कुणाच्या चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

संध्याकाळी आम्ही दोघी प्रयोगशाळेत यंत्र पुसत होतो. मॅडम माझ्यावर रागावल्या नव्हत्या. माझं संशोधन आता कुठं जाऊन पडेल याचा त्या विचार करत असाव्यात. मी मात्र सकाळच्या लाइनचा विचार करत होते. मशीन सदोष ठरलं होतं, म्हणजे बारव निर्दोष ठरली होती, आणि पाइप टाकीपर्यंत पोचलेला होता. महानंदाला मी सांगू शकत होते. वसतिगृहातल्या साऱ्या मुलींना रोज पाणी उकळायला कोण लावणार होतं?

मागच्या दारावर टकटक झाली. मागचं दार कुणी वापरत नसे. उघडलं तर नागनाथअप्पा, एकटे, धोतराच्या सोग्यात काहीतरी झाकून. आत येऊन त्यांनी टेबलावर सरबताची एक जुनी बाटली ठेवली. तिच्यात पाणी होतं.

"घरच्या बोअरचं हाय," ते म्हणाले. "वाड्यात बारकं लेकरू हाय. नातू. सूनबाई त्याला ह्याच पान्यात दूध कालवून देती. जरा बघता का, मॅडम?"

"मशीन सदोष आहे," मॅडम म्हणाल्या. "आपणच जाहीर केलंत."

"ते तिथलं बोलनं." अप्पा आजूबाजूला बघत खुर्चीवर टेकले. स्टेजवर सभागृह भरून उरणारा माणूस तिथं एकदम म्हातारा दिसला. "गावाम्होरं बारवेला वाईट कसं म्हनू? माझ्याच हातानं दुरुस्त केली. निवडनूक तोंडावर हाय. पन लेकराचं काय ते खरं सांगा. तुमचं मशीन खोटं बोलत न्हाई, ते मला कळलंय."

मॅडमनी बाटली उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. आणि त्या दिवसात पहिल्यांदाच त्या भाजीबाजारातल्यासारखं बोलल्या. "अप्पा, तुमच्या नातवाचं पाणी मी आत्ता लावते. सकाळी सांगते. पण वसतिगृहात सत्तर-ऐंशी नाती आहेत कुणाकुणाच्या. त्यांच्या टाकीत उद्या काय सोडणार आहात?"

अप्पा म्हणाले, "कार्यक्रम तर रद्द करता येत न्हाई. पत्रिका वाटून झाल्यात. आमदारसाहेब येनार हायेत."

"कार्यक्रम रद्द करा असं मी म्हटलं नाही," मॅडम म्हणाल्या.

अप्पांनी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना ते समजायला वेळ लागला नव्हता, फक्त इतकी चांगली युक्ती पुण्याच्या बाईला सुचावी याचं त्यांना आश्चर्य वाटत होतं. त्यांनी फोन काढून पालिकेच्या इंजिनिअरला लावला आणि हळू आवाजात सांगितलं की उद्या फीत कापायची, फोटो काढायचे, भाषणं व्हायची. बारवेकडचा मुख्य व्हॉल्व्ह तेवढा बंद ठेवायचा, आणि याचं कारण कुणी विचारलं तर दाब कमी हाय म्हणायचं. वसतिगृहाला रोज पालिकेचा टँकर लावायचा. तो कुठून आला ते मात्र कुणी बोलायचं नाही.

ते निघून गेल्यावर थोड्या वेळानं मागच्या दारावर पुन्हा टकटक झाली. प्राचार्य डोणगावकर होते, हातात स्टीलचा डबा. त्यांच्यानंतर कोळगिरे सर आले. सरांनी आणलेल्या बाटलीवर चिठ्ठी चिकटवली होती आणि चिठ्ठीवर फक्त "घरचे" असं लिहिलं होतं, चारोळी नव्हती.

सकाळी वसतिगृहाच्या अंगणात मांडव होता. नव्या नळाला फुलांची माळ आणि चाकाला फीत बांधली होती. आमदारसाहेब यायचे होते. अप्पा मला शोधत मांडवाच्या मागं आले आणि दुसरीकडे बघत पुटपुटले, "काय निघालं?"

"अंधार," मी म्हणाले.

"सगळा?"

"सगळा. एकबी थेंब चमकला न्हाई."

अप्पांनी डोळे मिटले. आदल्या दिवशी पडद्यावर निळं तेज बघतानाही त्यांचा चेहरा इतका उजळला नव्हता. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, मग कुणी पाहिलं का ते बघितलं आणि स्टेजवर गेले.

फीत कापली गेली. आमदारसाहेबांनी चाकावर हात ठेवला, अप्पांनी त्यांच्या हातावर हात ठेवला, फोटो निघाले आणि चाक दोघांनी मिळून गरागरा फिरवलं. तोटीतून थोडा वारा निघाला. कोळगिरे सरांनी गंगा अवतरल्याचं जाहीर केलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या, आणि सगळ्यांत जोरात महानंदानं वाजवल्या. ती त्या वर्षी पास झाली.

या गोष्टीला खूप वर्षं झाली. मॅडम पुण्याला परत गेल्या, माझा प्रबंध दुसऱ्या विद्यापीठातून पुरा झाला आणि ते यंत्र कागदोपत्री अजून सदोष आहे. वसतिगृहाच्या अंगणात अप्पांच्या नावाची संगमरवरी पाटी आहे आणि तिच्याखाली तो नळ आहे. त्याला आजवर पाण्याचा एक थेंब आलेला नाही. अप्पांनी गावासाठी पुष्कळ कामं केली, पण इतकं चांगलं काम त्यांच्या हातून दुसरं झालं नाही.